पातळी

भूल देण्याआधी वीब्रनने विचारलं,
"किती पाणी ठेवणार माझ्यात?"

चाळीस वर्षं पंपघर सांभाळलेला माणूस.
स्नेकच्या पश्चिमेला, समुद्राहून खाली पसरलेल्या कुरणांत
कालव्याची पातळी बोटभर हलली
तर ते त्याला झोपेत कळायचं म्हणे.
मी म्हटलं, पुरेसं.
तो हसला. "मीही हेच सांगायचो शेतकऱ्यांना."

मग दुधासारखं औषध शिरेत गेलं
आणि त्याची पातळी माझ्या ताब्यात आली.

पाच तास. मोठ्या आतड्याचा हातभर तुकडा.
हिरव्या पडद्यापलीकडून रूलॉफ म्हणाला,
कोरडा ठेव, चित्स्के.
आतडं सुजलं तर माझे टाके धरायचे नाहीत.
मागच्या हिवाळ्यात एकाचे सुटले होते.
दोघांनाही तो माणूस आठवतो,
नाव कुणी काढत नाही.

म्हणून थेंब मोजले.
रक्तदाब घसरला तेव्हा पाण्याऐवजी
शिरा आवळणारं औषध दिलं.
आकडा वर चढला, घंटा गप्प झाली,
कागदावर सगळं आलबेल.
टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या पिशवीत मात्र
तासाला चाळीस,
मग बावीस,
मग अकरा.

अकरा मिलिलिटर.
दोन चमचे. पोराला खोकल्याचं औषध पाजतात तेवढे.

पुस्तक म्हणतं, भुलेतलं शरीर पाणी धरून बसतं;
लघवी आटली म्हणजे मूत्रपिंड गेलंच असं नाही.
पुढच्याच पानावर म्हणतं, गेलेलं असूही शकतं.
त्या दोन पानांच्या मधे
मी स्टूल ओढून बसले होते.

कुठेतरी पाणी मुरत होतं,
अगदी शब्दशः:
आतड्याच्या पापुद्र्यांत, पोटातल्या पडद्यांत,
जिथून ते ना रक्ताला मिळतं ना लघवीला.
आणि खाली, पाठीशी चिकटलेल्या
मुठीएवढ्या दोन गाळण्या
वरून काही येतंय का बघत.

मी पाव लिटर सोडलं. रूलॉफकडे न बघता.
धमनीची लाट जरा भरली. अकराचे चौदा.
आणखी पाव.
"ओलं लागतंय हाताला," तो म्हणाला.
मी नळी बंद केली.

तिसऱ्या दिवशी क्रिअ‍ॅटिनिन चौऱ्याऐंशीवरून दोनशे दहावर.
टाके मात्र पक्के होते. रूलॉफने ते दोनदा सांगितलं.
बाउक्ये, त्याची बायको, खिडकीशी विणत होती;
यंत्र लावावं लागेल का, एवढंच तिने विचारलं,
आणि उत्तर येईपर्यंत सुई थांबवली नाही.

यंत्र लागलं नाही.
पाचव्या दिवशी पिशवी भरायला लागली,
तीही सरळ नव्हे, अडखळत.
नर्स वाकण्याआधीच वीब्रनने पलंगावरून आकडा वाचला:
"साठ. लिहून घे."

मी त्याच्याशी बोलायला गेले. सगळं सांगितलं.
बाटलीभर पाणी कमी पडलं असेल,
किंवा तेवढंच पण तासभर उशिरा पोचलं असेल;
किंवा काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं.
नक्की कोणतं, ते मला कळणार नाही.

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
मग एका ऑक्टोबरची गोष्ट सांगितली.
आभाळ साधंच दिसत होतं,
डिझेल महाग होतं,
पंप त्याने दोन तास उशिरा सुरू केले.
शेजारच्या सीत्सेचे बटाटे जमिनीतच कुजले.
"चौकशी झाली. मी निर्दोष सुटलो.
सीत्से मेला, पण त्याआधी सव्वीस वर्षं
चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसून
एकदाही मागे वळला नाही."

मला माफ केलं की नाही, ते तो बोलला नाही.

क्रिअ‍ॅटिनिन उतरत उतरत एकशे तीसवर आलं
आणि तिथेच राहिलं.
जुन्या खुणेपर्यंत आलं नाही.

घरी जायच्या सकाळी बाउक्येने पेल्यात पाणी ओतायला घेतलं,
जग तिरका धरूनच माझ्याकडे पाहिलं:
किती?

मी तक्ता पुन्हा उघडला.